रिव्हिएराचं तिसरं दार

माझ्या धाकट्या मुलीचं, माहेनूरचं, लग्न झालं ते वर्ष दोन हजार सहा. लग्न मे महिन्यात झालं आणि पोळा जवळ आला तरी मांडवाचे बांबू आमच्या अंगणात तसेच पडून होते. माझी बायको सुरैय्या रोज विचारायची, "मांडववाला मेला, का तुमी विसरले?" त्याच बांबूंना अडखळत एक दिवस पुण्याचा माणूस आमच्या दारात आला.

त्या सालांत अमरावतीत परगावचा माणूस दिसला की लोक समजायचे, पेपरवाला आला. पांढऱ्या गाड्या यायच्या, कोणत्या गावात कोणत्या शेतकऱ्यानं औषध पिलं ते विचारायच्या आणि निघून जायच्या. या माणसालाही कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं न विचारता भातकुलीचा रस्ता दाखवला होता.

"मी म्हटलं, मला भातकुलीला नाही जायचं, मला गाड्यांचा पत्रा ठोकणारे नियाज डेंटर पाहिजेत," तो सांगत होता. "तर तो म्हणाला, काहून, त्यांच्या घरचं कोणी गेलं का?"

त्याला हसावं की नाही ते कळत नव्हतं. मलाही कळलं नाही.

त्याचं नाव कुलदीप. वय चाळीसच्या आसपास. जुन्या गाड्या जमवण्याचा त्याला नाद होता आणि काखेत जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. मी तोवर मराठी वाचायला शिकलो होतो, पण इंग्रजी पुस्तकातली मला चित्रंच कळणार. त्यानं दोन चित्रं काढून माझ्यापुढं ठेवली. मला ती दाखवायची गरज नव्हती. त्या दोन गाड्यांच्या पत्र्याला जेवढा माझा हात लागला, तेवढा माझ्या पोरांच्या डोक्याला लागला नसेल.

"चाचा, अमरावतीत एक रिव्हिएरा आहे, अकोल्यात एक थंडरबर्ड. दोन्ही पासष्ट सालच्या. मला एकच घ्यायची आहे. तुम्ही सोबत चला आणि कुठली घेऊ ते खरं सांगा."

मी कपडे बदलून त्याच्यासोबत निघालो.

या गाड्या आमच्याकडं आल्या त्या दोन साडूंमुळं. अमरावतीचे वामनराव जिनिंगवाले आणि अकोल्याचे पंजाबराव तेलगिरणीवाले. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, वामनरावांच्या दुर्गाबाई थोरल्या आणि पंजाबरावांच्या कौशल्याबाई धाकट्या. अडुसष्ट साली दिल्लीत वकिलातींच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला. वामनरावांनी मोरपंखी रंगाची ब्यूक रिव्हिएरा घेतली. साडूनं घेतली म्हणून पंजाबरावांनी त्याच दिवशी तांबडी फोर्ड थंडरबर्ड घेतली. दोघं एकामागं एक गाड्या हाकत वऱ्हाडात आले आणि तेव्हापासून कोणाची गाडी भारी हे भांडण चालू झालं.

खरं म्हणजे दोन्ही भारीच होत्या. रिव्हिएराचे दिवे दिवसा दिसायचे नाहीत. समोरच्या कोपऱ्यांत जाळीदार झडपांच्या आड ते झोपलेले असायचे. बटण दाबलं की झडपा पापण्यांसारख्या उघडायच्या. एक पापणी थोडी उशिरा उघडायची, ती मी शेवटपर्यंत दुरुस्त करू शकलो नाही. थंडरबर्डचं स्टिअरिंग बाजूला सरकायचं, म्हणजे पंजाबरावांसारख्या पोटाच्या माणसाला आरामात आत बसता यावं. तिचे मागचे दिवे वळताना एकदम लागायचे नाहीत, आतून बाहेर एक-दोन-तीन असे पळायचे. अकोल्यात लोक नुसते ते पाहायला तिच्यामागं सायकली घेऊन जायचे. थंडरबर्ड वजनदार, खड्ड्यातून गेली तरी आतल्या माणसाचा चहा हलणार नाही अशी. रिव्हिएरा ताठ, मालकाच्या हाताला लगेच वळणारी.

रस्त्यात कुलदीप मला समजावत होता की अमेरिकेत अशा गाड्यांचा वेगळाच वर्ग होता. मालकानं ड्रायव्हर न ठेवता स्वतः चालवायची ऐषारामी गाडी. दारं दोनच. बायको शेजारी आणि बाकी जगाशी संबंध नाही.

"तिथंच तर आमचं घोडं अडलं," मी म्हणालो. त्याला तेव्हा ते कळलं नाही.

वामनराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. जिनिंग त्याच्या दोन वर्षांनी बंद पडलं. आवारात कापसाच्या गंज्या लागायच्या तिथं गवत वाढलं होतं. मुलं नागपूरला आणि पुण्याला होती, त्यांनी जागा विकली होती आणि दिवाळीपर्यंत ती रिकामी करून द्यायची होती. दुर्गाबाई एकट्या पुढच्या खोलीत राहायच्या. त्या काठी घेऊन बाहेर आल्या.

"ये नियाज. पोरगी नांदते ना नीट?"

"हो बाई."

"आन् हे पाव्हणे गाडी नेऊन राहिले का पाहून राहिले?"

"आज फक्त पाहून राहिले."

"पाहा बाप्पा. नाही नेली तर नियाज, तू घेऊन जाय. तुह्या आंगणात उभी कर. भंगारवाल्याले मी हात लावू देणार नाही, पोराईले सांगून ठेवलं."

ती गाडी माझ्या अंगणात! मी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांचा पत्रा ठोकला, माझ्या नावावर सायकलसुद्धा नव्हती. पण मला ती गाडी म्हणून नको होती. मला तिचं एक दार पाहिजे होतं.

कुलदीपनं शेडमधली ताडपत्री ओढली. तो पुढून गेला, मागून गेला, पत्र्यावरून हात फिरवत डाव्या बाजूला आला आणि थांबला.

"हे काय आहे?"

"दार," मी म्हणालो.

"रिव्हिएराला दोनच दारं असतात, चाचा."

"हिले तीन हायेत," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्याची गोष्ट अशी. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात दुर्गाबाई घराच्या धाब्याच्या छतावर वाळवण घालायला चढल्या आणि शिडीवरून पडल्या. हाड चुकीचं जुळलं. डावा पाय कमरेपासून खाली लाकडासारखा सरळ झाला, वाकेना. आता या गाडीत मागं बसायचं म्हणजे पुढची खुर्ची वाकवून, अंग चोरून, मांजरासारखं आत शिरायचं. त्यांना ते जमेना. आणि पुढं नवऱ्याच्या शेजारी बसायचं म्हटलं तर सासूबाई, माणिकबाई, जिवंत होत्या. सासू मागं आणि सून पुढं, हे त्या घरात होणं शक्य नव्हतं. आगगाडीच्या पायऱ्याही चढता येईनात. दोन वर्षं त्या कुठं गेल्या नाहीत. अकोल्याला कौशल्याबाईंना मुलगी झाली, ती चालायला लागली, तरी मावशीनं तिला पाहिलं नव्हतं.

एक दिवस वामनरावांनी मला बोलावलं. गाडीच्या मागच्या बाजूवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "इथं काप."

मी म्हणालो, "भाऊ, अशी गाडी देशात दुसरी मिळायची नाही."

"बायको तरी दुसरी कुठं मिळते? काप म्हटलं ना."

कापायचं तर माप पाहिजे. मी सत्तावीस वर्षांचा परका मुसलमान पोरगा, मोठ्या घरच्या सुनेच्या पायाचं माप कसं घेणार? माणिकबाईंनी त्यावर तोड काढली. मी ओसरीवर बसलो. त्यांनी माझ्याकडून सुताचा एक तुकडा घेतला, आतल्या खोलीत गेल्या आणि थोड्या वेळानं सूत परत आणून दिलं. त्याला तीन गाठी होत्या. पहिल्या गाठीपर्यंत जमिनीपासून बैठकीची उंची, दुसरीपर्यंत पायाची लांबी, तिसरीपर्यंत वळायला लागणारी जागा. मी दुर्गाबाईंना त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही. त्या सुतावर मी दार बांधलं.

रिव्हिएराला खाली वेगळी चासिस आहे, म्हणून ते जमलं. वरचा पत्रा कापला तरी गाडीचं बळ खाली तसंच राहतं. थंडरबर्डचं तसं नाही. तिचा तळ आणि अंग एकच, तिला कापली असती तर ती मधूनच बसली असती. मी दाराला नवा पत्रा वापरला नाही. जो तुकडा कापून निघाला त्यालाच आतून चौकट दिली, ॲम्बेसिडरचे बिजागर लावले आणि तोच परत बसवला. बावीस दिवस लागले. दार लावलं की रेघेत नख शिरत नव्हतं.

पंजाबरावांनी वऱ्हाडभर सांगत हिंडून हसं केलं. "आमच्या साडूनं ब्यूकची येष्टी केली! आता मागं शिडी लावा म्हणा, टपावर कोंबड्या ठेवता येतील!" पण पहिल्याच आठवड्यात दुर्गाबाई त्या दारातून बसून अकोल्याला गेल्या, आणि पुढं वामनराव होते तोवर, महिन्यातून एकदा, जात राहिल्या.

कुलदीपनं सगळं ऐकून घेतलं. दार चार वेळा उघडलं, लावलं. "काम अप्रतिम आहे," तो म्हणाला. "पण चाचा, ही आता रिव्हिएरा राहिली नाही."

अकोल्याच्या रस्त्याला मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा त्यानं मनातलं सांगितलं. "थंडरबर्डला कोणी हात लावलेला नाही. ती आतून चांगली असेल तर तीच घेतो. नसेल तर रिव्हिएरा घेईन, पण ते दार बुजवून. आणि ते तुम्हीच बुजवायचं. दुसऱ्या कोणाला ते जमणार नाही."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. फार पावसानं सोयाबीन पिवळं पडलं होतं. थंडरबर्डच्या तळाबद्दल जगात फक्त मला माहीत होतं.

ते असं झालं होतं. एक्याऐंशीच्या पावसाळ्यात थंडरबर्डचा तळ गंजून भोकं पडली. पंजाबरावांच्या घरी लग्न चार दिवसांवर होतं आणि नवरदेव त्याच गाडीतून न्यायचा होता. मी तेलाचे पत्र्याचे डबे कापून भोकांवर बसवले, वरून जाड डांबर फासलं आणि त्यावर काथ्याची चटई टाकली. लग्न झाल्यावर नीट करतो म्हणून मनाशी ठरवलं. लग्न झालं, हंगाम आला, मी केलं नाही. सांगितलंही नाही. ज्या गाडीचा तळ हेच तिचं हाड आहे, त्या हाडाला मी डबे लावले होते.

आता गप्प बसलो तर थंडरबर्ड पुण्याला जाणार, माझी चोरी झाकलेली राहणार, आणि रिव्हिएरा दारासकट माझ्या अंगणात येणार. काही बोलायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

पंजाबराव फाटकातच खुर्ची टाकून बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, पोट तसंच.

"आलास का नियाज्या? पाव्हण्याले आधी येष्टी दाखवली का? दाखवली? मंग आता गाडी पाहा म्हणा."

त्यांनी स्वतः आत बसून स्टिअरिंग सरकवून दाखवलं. मागचे दिवे लावले. एका बाजूचा मधला दिवा गेला होता, तरी बाकीचे पळाले. कुलदीपचा चेहरा उजळला. तो गाडीभोवती फिरला, आत वाकला, पुस्तक उघडून ताडून पाहिलं. मग माझ्याकडं वळला.

"चाचा, खालून कशी आहे?"

पंजाबराव माझ्याकडं पाहत होते. आतल्या ओसरीवर कौशल्याबाई खाटेवर होत्या. दोन वर्षांपासून त्या उठत नव्हत्या, पण कान शाबूत होते. मी पाहिलं, कुलदीपच्या गाडीत मागं लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. हा माणूस या थंडरबर्डमध्ये आपलं लेकरू बसवणार आणि पुण्याच्या मोठ्या रस्त्यावर पळवणार.

मी खाली बसलो, चटई उचलली आणि स्क्रू फिरवायचा पेचकस डांबरात खुपसला. तो सरळ आरपार गेला. मुठीपर्यंत.

"इथं डबे आहेत," मी म्हणालो. "तेलाचे. मीच लावले, एक्याऐंशीत. खाली हाड राहिलेलं नाही. ही गाडी उभी शोभते, पळवू नका."

पंजाबराव खुर्चीतून उठले, जवळ आले, वाकून भोकात पाहिलं. मला वाटलं आता काठी बसते.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले, "पंचवीस वर्षं मी डब्याईवर बसून हिंडून राहिलो?"

"हो भाऊ."

"कोणत्या तेलाचे?"

"तुमच्याच गिरणीचे. सरकीच्या तेलाचे."

त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला. "कौशल्या! ऐकलं का वं? तरीच म्या म्हणतो, या गाडीले आपला वास काहून येते!" मग डोळे पुसले आणि एकदम हळू आवाजात मला म्हणाले, "लग्नाच्या वक्ताले सांगितलं असतंस तर म्या तुले मारलं असतं. बरं केलं, आता सांगितलंस. आता हात उचलत नाही."

कुलदीपनं रिव्हिएरा ठरवली.

मी दुर्गाबाईंना सांगायला गेलो तेव्हा शब्द जुळवत होतो. त्यांनीच विचारलं, "तोंड पाडून काहून बसला रे? दार बुजवा म्हणते ना थो?"

"बाई, तुम्ही नाही म्हणाल तर मी नाही म्हणतो. गाडी माझ्या अंगणात उभी करतो, दारासकट."

"आन् पावसात सडवतो. तुह्या आंगणात तर बांबू सडून राहिले म्हणते सुरैय्या." त्यांनी काठी पायावर आडवी ठेवली. "थे सूत हाय का रे अजून? सासूबाईनं गाठी मारल्या होत्या थे?"

मला लाज वाटली. "ते सुरैय्यानं लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलं, बाई. कधीच."

त्या हसल्या. "कामात आलं ना? मंग. गाडी चालू दे. दार माह्यासाठी होतं, माह्यं काम झालं. फक्त बुजवायच्या आधी मले एक डाव अकोल्याले घेऊन चाल. कौशी उठत नाही आन् मी चढत नाही. तीन साल झाले तिले पाहून."

इंजिन आणि टायर नीट करून घेतले आणि पोळ्यानंतर चौथ्या दिवशी निघालो. गाडी मी चालवली. स्टिअरिंग डावीकडं असल्यामुळं पुढचा रस्ता उजवीकडं बसलेल्यानं पाहून सांगायचा, ही या गाड्यांची जुनी रीत. उजवीकडं कुलदीप होता. पहिल्या ट्रकमागं तो नुसताच बसून राहिला.

"साहेब, जाऊ का थांबू ते तुम्ही सांगायचं," मी म्हणालो.

"मी?"

"वामनराव चालवायचे तवा मी मागून सांगत जावो," दुर्गाबाई म्हणाल्या. "वाकून पाहाय. पुस्तकात नाही ते."

बोरगाव मंजूपर्यंत तो तयार झाला. "जाऊ द्या, जाऊ द्या... थांबा!" ओरडत राहिला आणि दुर्गाबाई मागं तोंडाला पदर लावून हसत राहिल्या.

पंजाबरावांच्या आवारात मी गाडी ओसरीला लावली, तिसरं दार ओसरीकडं करून. मी उतरायच्या आत पंजाबराव पुढं झाले. ज्या दाराला त्यांनी तेहेतीस वर्षं नावं ठेवली ते त्यांनी स्वतः उघडलं. "या, वयनी. येष्टी टायमावर आली."

दुर्गाबाई उतरल्या नाहीत. "कौशीलेच आणा इथं," म्हणाल्या.

मग आम्ही दोघांनी, मी आणि कुलदीपनं, कौशल्याबाईंना चादरीत उचललं. उंबऱ्याची उंची आणि बैठकीची उंची मला पाठ होती, त्यांना कुठं धक्का लागला नाही. दोघी बहिणी मागच्या आसनावर शेजारी बसल्या. दार उघडंच ठेवलं. आम्ही लांब जाऊन बसलो. त्या काय बोलल्या मला माहीत नाही. एकदा मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. पंजाबराव थंडरबर्डकडं पाहत बसले होते.

ऊन कलल्यावर दुर्गाबाईंनी हाक मारली. "नियाज, झालं. आता बुजव."

बुजवायला मला सतरा दिवस लागले. बिजागर काढले, आतली चौकट काढली. बाहेरचा पत्रा तर मूळचाच होता, तो आपल्या जागी परत गेला. मी पुट्टीचा बोटभरही लेप दिला नाही. थोडं थोडं झाळलं, थंड होऊ दिलं, हातोडीनं बसवलं, शिशाचा भर दिला आणि घासलं. शेवटच्या दिवशी डोळे मिटून बोटं फिरवली. रेघ लागली नाही. ती कुठं होती हे मला माहीत असूनही लागली नाही.

पुढच्या वर्षी कुलदीपनं फोटो पाठवला. पुण्यात जुन्या गाड्यांचं कसलं तरी प्रदर्शन होतं आणि रिव्हिएरा मोरपंखी रंगात चमकत होती, एक पापणी अर्धी मिटलेली. लोक डाव्या बाजूला उभे राहून पाहत होते. माझ्या हातची दोन सगळ्यांत चांगली कामं त्या बाजूला आहेत, एक कापल्याचं आणि एक बुजवल्याचं, आणि फोटोत त्यांतलं एकही दिसत नाही. बांबू मी आदल्या दिवाळीतच परत केले. ती जागा अजून मोकळी आहे.

कौशल्याबाई दोन हजार सातच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी अकोल्याला, आपल्या घरी वारल्या. दुर्गाबाई त्याच वर्षी अकरा जूनला नागपूरला मुलाकडं वारल्या. पेपरातली बातमी मी स्वतः वाचली.